अदमास

"काका, सगळं फुल्ल पाहिजे बघा," बाजी पैलवान म्हणाला आणि दोन्ही कोपरं टेकून काउंटरवर रेलला. काउंटर कुरकुरला. "रिझोल्युशन फुल्ल, रे ट्रेसिंग फुल्ल, आणि चित्र कुठं अडकाय नको."

अच्युत म्हैसकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. आत गल्लीत भोपळे तासले जायचे, तंबोऱ्यांच्या जवाऱ्या लागायच्या, आणि इथं तोंडाशी अच्युतराव गेमिंगची मशीनं जुळवून द्यायचे. सांगलीपासून बेळगावपर्यंतची पोरं त्यांच्याकडं यायची. मशीन विकून ते मोकळे होत नसत, त्याचा मेळ लावून देत. 'मेळ' हा शब्द त्यांनी आणला होता तो कीर्तनातल्या साथीतून. दिवसा दुकान आणि सवड मिळेल तेव्हा पेटी, असा त्यांचा सारा जन्म गेला होता.

"पैलवान, खुराक एक आणि खाणारे तीन आहेत," ते म्हणाले. "ग्राफिक्स कार्डाच्या अंगात बळ ठरलेलं असतं. ते तिघांत वाटायचंय."

"तीन कोण?"

"पहिलं रिझोल्युशन, म्हणजे ठिपके. चित्र जितक्या जास्त ठिपक्यांचं, तितकं रेखीव. दुसरं रे ट्रेसिंग. समईची ज्योत बघितलीस? तिचा किरण भिंतीवर आपटतो, भिंतीचा रंग घेऊन घंटेवर जातो, घंटेवरून तुझ्या डोळ्यात येतो. मशीन ही वाट उलटी चालतं. तुझ्या डोळ्यापासून किरण सोडतं आणि दिवा सापडेपर्यंत शोधत जातं. एका एका ठिपक्यासाठी एवढी पायपीट. म्हणून उजेड खरा दिसतो, आणि म्हणूनच कार्डाला धाप लागते."

"मग तिसरं?"

"तिसरं अपस्केलिंग. थोडेच ठिपके मोजायचे आणि बाकीचे अदमासानं भरायचे. तू कधी कीर्तनाला गेलायस का रे?"

"लहानपणी जायचो की. खिरापतीला."

"मग ऐक. बुवा पदाची ओळ सुरू करतात आणि अर्ध्यात सोडतात. मागं पेटीवाला बसलेला असतो, तो उरलेली ओळ उचलतो. बुवांना दम मिळतो आणि लोकांना गाणं सलग वाटतं. अपस्केलिंग म्हणजे तो पेटीवाला."

"आणि त्यानं भलतंच उचललं तर?"

"तर बुवा मागं वळून बघतात," अच्युतराव हसले. "ते बघणं काय असतं ते मला विचार."

मशीनांमध्ये आता नवा अपस्केलर आला होता, त्याचं नावच 'अदमास'. जुने अपस्केलर फक्त ठिपके भरायचे, हा काळही भरायचा. दोन माणसं दोन देशांत बसून एकत्र खेळत असली की एकाची हालचाल दुसऱ्याला किंचित उशिरा दिसते. तार कितीही चांगली घाला, उजेडापेक्षा वेगानं काही धावत नाही, ती मर्यादा देवानंच घालून ठेवली आहे. अदमास हा उशीर झाकायचा. समोरच्या माणसाच्या आजवरच्या सवयी शिकून पुढच्या क्षणी तो काय करील हे आधीच दाखवायचा, चित्रातही आणि आवाजातही. खरं मागून पोचलं की त्याच्याशी अलगद जुळवून घ्यायचा. सांधा डोळ्यांना कळत नसे.

बाजीला त्यांनी अदमास बसवून दिला. रे ट्रेसिंग मध्यम ठेवलं, ठिपके निम्मे केले. बाजीनं स्क्रीनला नाक लावलं आणि तो म्हणाला, "आयला काका, हे तर सगळं फुल्लच दिसतंय की!"

*

त्या अदमासावर अच्युतरावांचाही जीव होता, कारण त्याच्यामुळं त्यांना श्रीधरबुवा परत मिळाले होते.

श्रीधरबुवा कापशीकरांच्या मागं अच्युतरावांनी तीस वर्षं पेटी धरली. कृष्णाकाठची देवळं, गावोगावचे उत्सव, दोघांचा एकच डबा आणि एकच सतरंजी. बुवांचा अंगठा चिपळीवर दाबला गेला की शब्द अडलाय हे अच्युतरावांना कळायचं, आणि बुवांनी श्वास घेण्याच्या आत ते ओळ उचलायचे. मग बुवांची पत्नी गेली. त्यांची मुलगी वैजयंती इंग्लंडात लीड्सला इस्पितळात नोकरी करायची, ती त्यांना आपल्याकडं घेऊन गेली. तिथं बुवा खिडकीशी बसून राहू लागले. तेव्हा अच्युतरावांनी स्वतः जुळवलेलं एक मशीन लीड्सला पाठवलं आणि बुवांना 'पठार' नावाच्या खेळात ओढलं.

पठार म्हणजे सह्याद्रीसारखा एक कल्पित डोंगरमाथा. तिथं हजारो लोक आपापल्या घरून येतात, घरं बांधतात, शेती करतात. समोरचे कॅमेरे ज्याचं त्याचं रूप टिपतात, आणि माणूस तिथं स्वतःच्याच चेहऱ्यानं वावरतो. जन्मभर चिपळ्या धरलेल्या बुवांना ते यंत्र हाताळायला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात ते खेळातल्या विहिरीत पडले आणि तिथूनच ओरडले, "अच्युता, हा भवसागर फारच अरुंद आहे रे!"

पुढं अच्युतरावांनी पठारावर दत्ताचं देऊळ बांधलं आणि देवळापुढं सभामंडप घातला. दर एकादशीला बुवा तिथं नारदाच्या गादीवर उभे राहायचे. प्रत्यक्षात ते वैजयंतीच्या बैठकीच्या खोलीत, धोतर-उपरण्यात, कानात यंत्र घालून उभे असत. मिरजेत माडीवर अच्युतराव खरी पेटी घेऊन बसत. मंडपात दोघं हाताच्या अंतरावर असत, आणि समोर पन्नास-साठ श्रोते.

"अच्युता, माझी शेळी कुणी नेली?" एका संध्याकाळी बुवांनी विचारलं. पठारावर त्यांनी शेळ्या पाळल्या होत्या.

"काल तुम्हीच विकलीत की. त्या बेळगावच्या मुलाला."

"मी? छे!"

"बुवा, घासाघीस करून विकलीत."

"मग चांगला भाव आला असणार," बुवा म्हणाले, आणि दोघंही हसले.

कुमुदवहिनी, म्हणजे अच्युतरावांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि स्क्रीनकडं बघत उभ्या राहिल्या. "बुवा तिकडं जाऊन तरुण झालेत, नाही? गेल्या एकादशीला काय आळवत होते! एकेका शब्दावर थांबत होते नुसते. मला तर रडूच आलं."

"आधी असं करत नव्हते," अच्युतराव म्हणाले. "आधी सरळ पुढं जायचे. आता शब्द सोडवत नाही त्यांना. माणूस देवाच्या जवळ गेला की असं होतं."

श्रोतेही तेच म्हणत. बुवांच्या आलापांच्या चित्रफिती लोक एकमेकांना पाठवू लागले होते.

*

वैजयंतीचा फोन दुकानात आला.

"काका, एकटे आहात का?"

"आहे. बोल, वैजू."

"बाबा कीर्तनात थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

"म्हणजे गप्प उभे राहतात. चिपळ्या हातात तशाच. परवा मी दाराशी उभी होते. ओळ अर्ध्यावर सोडली आणि नुसते भिंतीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता पडतात की काय. मग पुन्हा एकदम सुरू." तिचा आवाज चढला. "आणि काका, तुम्ही काहीच कसं केलं नाहीत? एवढी वर्षं त्यांच्या मागं बसलात. ते अडले तर तुम्हाला दिसत नाही?"

"अगं, ते अडलेच नाहीत. आळवत होते."

"मी समोर होते, काका. तोंड बंद होतं त्यांचं." मग तिचा आवाज उतरला. "डॉक्टरांनी तपासलंय. विस्मरण सुरू झालंय. हळूहळू वाढेल म्हणाले."

फोन ठेवून अच्युतराव माडीवर गेले. अदमासात एक तपासणीची सोय असते, मशीन जुळवणाऱ्यांसाठी केलेली. ती चालू केली की जेवढं चित्र मोजलेलं तेवढं जसंच्या तसं राहतं, आणि जेवढं भरलेलं तेवढं गेरूच्या रंगात दिसतं. गेल्या एकादशीचं कीर्तन त्यांनी त्या रंगात लावलं.

मंडपाचे खांब बहुतेक गेरूचेच निघाले. श्रोतेही बरेचसे गेरू. त्यात नवल नव्हतं, मेळ त्यांनीच तसा लावला होता. गादीवरचे बुवा स्वच्छ होते, ओळ म्हणत होते. मग तो आलाप आला, जो ऐकून कुमुदला रडू आलं होतं. बुवांचे ओठ गेरूचे झाले. हात, चिपळ्या, डोळे, सगळे बुवाच पायापासून पगडीपर्यंत गेरूत बुडाले आणि हलत राहिले, गात राहिले. पुढची ओळ आली आणि रंग उतरला.

प्रत्येक आलाप असाच निघाला. बुवांचा शब्द हरवला की मशीनला वाटे, तारेत काहीतरी अडलंय, आणि ते शेवटचा सूर धरून, शिकलेल्या सवयीनं, सुंदर लांबवत नेई. अच्युतरावांनी पेटीचा भाता उगीचच एकदा दाबला. ज्या क्षणासाठी ते तीस वर्षं मागं बसले होते, तो क्षण त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी अदमास बंद केला आणि मगच पठारावर गेले. तळ्याच्या कट्ट्यावर बुवा बसले होते. चित्र भरड झालं होतं, अडखळत होतं. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच बुवांचे गाल बसलेले दिसले, दाढीचे पांढरे खुंट दिसले. मशीन आजवर अच्युतरावांना खेळात पहिल्यांदा आले तेव्हाचे बुवा दाखवत आलं होतं.

"बुवा, एक विचारू?"

"तू परवानगी मागतोस म्हणजे काहीतरी वाईट आहे. विचार."

"कीर्तनात शब्द जातात का तुमचे?"

बुवा लगेच बोलले नाहीत. तो थांबा अच्युतरावांना नीट दिसला.

"जातात की. वर्ष होत आलं. त्यात विचारायचं काय? तूच तर सांभाळतोस."

"मी?"

"मग कोण! शब्द गेला की मी उभा राहतो, आणि मागनं तू पदाचं ध्रुपद उचलतोस. कानात तुझा आवाज येतो, अगदी माझ्या सुरात. तेवढ्यात पुढचं आठवतं. मी वैजूला म्हणालोसुद्धा, एवढ्या लांबून अच्युता माझा श्वास ओळखतो."

अच्युतरावांना मग उलगडा झाला. लीड्सच्या मशीनवरही अदमास होता, त्यांनीच बसवलेला. बुवा अडले की अच्युत काय करतो हे तो शिकला होता, आणि तेच ऐकवत होता.

"बुवा," ते म्हणाले, "तो मी नव्हतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ठिपके, गेरू, आलाप, काहीही राखून न ठेवता. बुवा मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे तुझ्याकडं मी न थांबता गात होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि माझ्याकडं तू न चुकता उचलत होतास."

"हो."

"आणि खरोखर?"

"खरोखर आपण दोघंही गप्प होतो, बुवा."

बुवांच्या खांद्यांना हलकासा झटका बसला. अच्युतराव घाबरले, पण बुवा हसत होते. "काय रे देवा! दोन म्हातारे गप्प, आणि कीर्तन मात्र जोरात!" हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला बसल्यावर त्यांनी डोळे पुसले. ते पाणी हसण्यानं आलं होतं की कशानं, हे अच्युतरावांनी विचारलं नाही.

"काढून टाक तो अदमास. गादीवरनं काढ," बुवा म्हणाले. "अडलो तर तुझ्या देखत अडेन."

*

वैजयंतीला हे मुळीच मान्य नव्हतं. तिघं मिळून बोलले तेव्हा ती बैठकीत बुवांच्या खुर्चीमागं उभी होती.

"काका, बाबांची दशा झाकली जातेय. लोकांना आनंद होतो, बाबांना आनंद होतो. कुणाचं काय बिघडतंय? उलट मी तर म्हणते, जसजसं यांना आठवेनासं होईल तसतसं अदमासानं भरत जावं. शेवटपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही."

अच्युतरावांना वाटलं, लेकीनं बापाची लाज राखायची म्हटली, तर तिला चूक कसं म्हणणार?

बुवाच बोलले. "वैजू, मी गादीवर उभा राहतो तो देवाचं नाव घ्यायला. मशीननं घेतलेलं नाव मशीनला पावेल गं. त्याचं भलं होवो. पण माझं काय?"

"आणि लोकांसमोर गांगरलात तर? मी बघितलंय तुम्हाला तसं. मला नाही बघवत, बाबा."

बराच वेळ वाद चालला. शेवटी तिनं एकच कीर्तन कबूल केलं. "मी शेजारी उभी राहणार. तुम्ही कावरेबावरे झालात की तिथल्या तिथं बंद करणार, आणि मग पुन्हा कीर्तन नाही. काका, तुम्हालाही कबूल?"

"कबूल," अच्युतराव म्हणाले.

एकादशीपर्यंतचे दिवस त्यांनी मेळ लावण्यात घालवले. मंडप त्यांचा होता, त्यामुळं त्यांनी लावलेला मेळ प्रत्येक श्रोत्याच्या आणि लीड्सच्याही मशीनवर लागू होणार होता. सगळं खरं दाखवणं कुठल्याच कार्डाला झेपलं नसतं, तेव्हा काय सोडायचं हे ठरवायला हवं होतं. खांबांचे ठिपके त्यांनी निर्दयपणे उतरवले. श्रोते तसेच अदमासावर सोडले. छताचा, घंटेचा, फरशीचा उजेड नुसता रंगवून टाकला. रे ट्रेसिंग ठेवलं ते एकाच समईचं, बुवांच्या उजव्या हाताशी असलेल्या. तिचे किरण बुवांच्या चेहऱ्यावर आणि चिपळ्यांवर खरे पडणार होते, कारण भुवई आणि अंगठा सावलीवरूनच कळतो. आणि गादीच्या चौकोनात, मागच्या पेटीसकट, अदमासाला मज्जाव. तिथं जेवढे ठिपके मोजून होतील तेवढेच दिसतील, आणि आले की मगच दिसतील.

राहिला उशीर. तो आता पुरा सोसायचा होता. अच्युतरावांनी त्याचा हिशेब हवेत चालणाऱ्या आवाजाशी घातला, तेव्हा ते एखाद्या मोठ्या देवळात मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसून साथ करण्यासारखं निघालं. तसं तर त्यांनी पूर्वी केलं होतं, जत्रेच्या गर्दीत. तबल्याचा ठेका यंत्रावर बुवांच्या खोलीतच वाजेल, लय संथ राहील. बुवांची ओळ संपेल, मध्ये एक श्वास जाईल, मग पेटी उचलेल. कीर्तनाची घडणच मुळी तशी, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं घ्यायचं.

"हे असं दिसणार?" कुमुदवहिनींनी स्क्रीन बघून तोंड वाकडं केलं. "देवळाला देवीचे वण पडल्यासारखं दिसतंय."

"बुवांकडं बघ."

त्या बघत राहिल्या. "म्हातारे झालेत हो," त्या म्हणाल्या.

*

एकादशीला मंडप भरला. मिरजेत दिवेलागण, लीड्सला भर दुपार. बाजी पैलवानही आला होता. "काका, खांबाला काय झालं? रिझोल्युशन गेलं जणू!"

"गेलं नाही, दुसरीकडं खर्ची घातलंय. बस खाली."

नमन झालं. पूर्वरंगात बुवांनी निरूपण केलं, छोटं आणि नीट. मध्यंतरात नामाचा गजर झाला, वैजयंतीनं बुवांच्या गळ्यात हार घातला आणि कपाळाला बुक्का लावला, तेव्हा तिचा हात क्षणभर चित्रात आला.

उत्तररंगाला बुवांनी स्वतः रचलेलं नावाड्याचं आख्यान घेतलं. महापुरात एक थकला-भागला म्हातारा नावाड्याला म्हणतो, मला पलीकडं ने. कुणी नाव घालायला तयार नसतं, हा घालतो. म्हातारा कोण आहे हे श्रोत्यांना ठाऊक असतं, नावाड्याला नसतं. बुवांनी पद धरलं:

"वल्हं माझ्या हाती, वारा तुझ्या हाती,
मधली ही नदी..."

समईच्या उजेडात अंगठा चिपळीवर दाबला गेला. त्याची सावली मनगटावर पडली. अच्युतरावांनी एक श्वास जाऊ दिला आणि उचललं:

"...मधली ही नदी कुणाची रे देवा?"

बुवांनी मागं वळून बघितलं. चूक झाल्यावर बघत तसं नाही. बघितलं आणि मान हलवली. पुढचं कडवं त्यांचं त्यांना आलं.

मग पद संपलं आणि कथा सुरू झाली. पाऊस आला, लाट आली, नाव गरगरली. "नावाड्याचा हात..." बुवा म्हणाले आणि थांबले.

या वेळी अंगठा दाबला गेला नाही. चिपळ्या खाली गेल्या. नजर श्रोत्यांवरून निघून कुठंतरी भिंतीकडं लागली. इथं उचलायला ओळ नव्हती. हे बोलणं होतं, आणि बोलायचं ते बुवांनी. पेटीवाल्यानं कीर्तनात तोंड उघडायचं ते गाण्यापुरतंच, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तीस वर्षांत अच्युतराव गादीमागून साधा एक शब्द बोलले नव्हते.

त्यांनी ध्रुपद म्हटलं. श्रोत्यांतल्या चार-पाच जणांनी ते आपापल्या घरून धरलं. ध्रुपद संपलं, बुवा तसेच. अच्युतरावांनी पुन्हा म्हटलं. आता मंडपात कुजबुज सुरू झाली. चित्राच्या कडेला वैजयंतीचा खांदा दिसला, ती बटणाकडं वाकत होती.

बुवांचे ओठ हलले.

"अच्युता," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी नाव कुठवर आली रे?"

अच्युतरावांनी पट्ट्यांवरची बोटं उचलली. मग त्यांनी भाता सोडून दिला.

"मध्यावर आहे, बुवा," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "पाऊस लागलाय. लाट आलीय."

"आणि म्हातारा?"

"नावेतच आहे. भिजलाय."

"आणि नावाडी काय करतोय?"

"त्याच्या हातनं वल्हं सुटलंय, बुवा."

बुवांनी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर, त्या भरड ठिपक्यांतून, हसू उमटत गेलं.

"सुटलंय?" ते श्रोत्यांकडं वळले. "अहो मंडळी, मग बरोबरच आहे की! त्याचंही सुटलंय आणि माझंही सुटलंय!"

मंडप हसला. कुणी हसता हसता टाळी वाजवली. वैजयंतीचा खांदा जिथं होता तिथंच राहिला.

"आता वल्हं सुटल्यावर नावाड्यानं काय करावं?" बुवांनी चिपळ्या वर घेतल्या. मूळ आख्यानात नावाडी वल्ह्यासाठी पुरात उडी घालतो. अच्युतरावांनी त्या उडीचे सूर दाबायला बोटं नेली. पण बुवा म्हणाले, "नावाडी म्हाताऱ्याकडं वळला. म्हणाला, आजोबा, माझ्याच्यानं आता होत नाही. तुम्हाला वल्हवता येतं का हो?"

हे आख्यानात नव्हतं. अच्युतरावांनी बोटं मागं घेतली आणि नुसता षड्ज धरून ठेवला.

"म्हातारा हसला," बुवा म्हणाले. "म्हणाला, वेड्या, घाट सोडल्यापासून तू हे विचारशील याचीच वाट बघत बसलोय. पण तू इतका जोरानं वल्हवत होतास, की मध्ये कसं बोलायचं?"

बुवांनी आपणहून ध्रुपद धरलं, आणि या वेळी अर्ध्या ओळीत मुद्दाम सोडलं. उरलेली ओळ अच्युतरावांच्या आधी सगळ्या मंडपानं उचलली. त्यात बाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि सगळ्यांत बेसूर.

त्यानंतर बुवा आणखी दोनदा अडले. दोन्ही वेळा त्यांनी सरळ विचारलं, "काय म्हणत होतो रे?" दुसऱ्या खेपेला एका बाईनं तिच्या घरूनच सांगितलं, आणि बुवांनी तिला हात जोडून नमस्कार केला. कीर्तन लांबलं. आरतीला समईची ज्योत हलली, तशी बुवांच्या चेहऱ्यावरची सावली हलली.

श्रोते एकेक करून गेले. बुवा गादीवरच खाली बसले. थकले होते.

"झालं का रे कीर्तन?" त्यांनी विचारलं.

"झालं, बुवा."

"बरं झालं का?"

अच्युतराव खोटं बोलणार नव्हते. "अडत अडत झालं. पण तुमचंच झालं."

बुवांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. वैजयंती चित्रात आली, तिनं त्यांच्या गळ्यातला हार काढला, पगडी उतरवली आणि खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. तिचं नाक लाल झालं होतं. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "काका, पुढची एकादशी कामाच्या दिवशी येतेय. मी रजा टाकते. आणि तेवढं ते आख्यान मला म्हणून पाठवा, सगळं, पहिल्यापासून. मी त्यांच्या जवळ बसेन."